एकेचाळीस सेकंद

उमेराने स्टॉपवॉचचं बटण दाबलं आणि गुण लिहायच्या पत्रिकेत डोकं न घालता मुलीच्या हातांकडे बघत राहिली.

टेबलावर नऊ लाकडी ठोकळे होते. काही बाजू लाल, काही पांढऱ्या, काही तिरक्या रेघेने अर्ध्या-अर्ध्या. समोरच्या कार्डावरची नक्षी ठोकळे जुळवून दोन मिनिटांत करायची. बोलायचं काहीच नाही, म्हणून मराठी न येणाऱ्या मुलांनाही ही चाचणी देता येते, असं पुस्तिकेत लिहिलेलं होतं.

चैते पुंगाटी दहा वर्षांची. भामरागडपलीकडच्या गावातून दीड वर्षापूर्वी या आश्रमशाळेत आली, आणि वर्गात तिने तोंड उघडलेलं कुणाला आठवत नव्हतं. महिन्यापूर्वी एका परीक्षकाने एकाच सकाळी अकरा मुलं तपासली. चैतेच्या नावापुढे त्याने बुद्ध्यंक लिहिला, चोपन्न. ठोकळ्यांच्या सगळ्या कार्डांवर शून्य. आता चंद्रपूरहून आलेल्या समुपदेशकाची, म्हणजे उमेराची, दुसरी सही झाली की मुलगी नागपूरला, मतिमंदांच्या वसतिगृहात जाणार होती. जीप तीनला निघणार होती. बाहेर व्हरांड्यात तिची पत्र्याची पेटी भरलेली होती आणि पेटीवर तिचा बाप वारलू बसला होता. नागपूरहून पोरगी घरी कधी येते, असं त्याने सकाळी स्वयंपाकीण शकुबाईकरवी विचारलं होतं. त्याला कुणी उत्तर दिलं नव्हतं.

"काऊन टाइम घालवून राह्यले, मॅडम?" मुख्याध्यापक खुशाल सर दारातून म्हणाले. "तिले जमत नाई. सोळा वर्षं झाली मले इथी."

"दोनच मिनिटं, सर."

चैतेने एक ठोकळा उचलला, फिरवला, ठेवला. मग दुसरा. पाचवा चुकला, तिने तो बोटाच्या टोकाने उलटवला. नववा जागेवर बसला तेव्हा घड्याळात एकेचाळीस सेकंद झाले होते. नक्षी कार्डाबरहुकूम होती.

मग चैतेने ती मोडली. घाई नाही, राग नाही. तीन-तीनच्या रांगा करून ठोकळे डब्यात भरले, झाकण लावलं, हात मांडीवर ठेवले.

"पाहा," खुशाल सर म्हणाले. दारातून त्यांना मुलीची पाठ आणि बंद डबाच दिसत होता. "त्या दिवशीबी असंच. डबा घेऊन बसली."

उमेराने जुनी पत्रिका उघडली. परीक्षकाचा शेरा होता: 'वेळ संपली तेव्हा ठोकळे डब्यात. प्रयत्न नाही.'

"शकुबाई, तिले विचारा जरा, ठोकळे ठेवून काऊन दिले?" ती कोपऱ्यात उभ्या शकुबाईला म्हणाली.

शकुबाई मुलीशी तिच्या माडिया बोलीत बोलली. चैतेने पुटपुटत उत्तर दिलं. शकुबाईला हसू फुटलं. सरांकडे बघून तिने ते पदराआड गिळलं.

"ती म्हणते, काम झाल्यावर सामान पसरलेलं दिसलं तर सर जेवाले बसू देत नाई."

"मी?"

"तुमचाच नियम हाय ना जी. ताट, बादली, झाडू. कोणी पाह्याच्या आत जागेवर. साऱ्या होस्टेलात ही एकच पोरगी हाय, जिचं कधी चुकलं नाई."

खुशाल सर दार सोडून आत आले. डब्याचं झाकण त्यांनी काढलं, पाहिलं, पुन्हा लावलं.

"चाचणीत मले मदत करता येत नाई," उमेरा म्हणाली. "पण सूचना तिच्या भाषेत देता येते. सांगा शकुबाई, झाल्यावर राहू द्यायचं."

शकुबाईने सांगितलं. चैते उमेराकडे नाही, सरांकडे बघत होती.

"राहू दे, पोरी," सर म्हणाले.

ती हलली नाही. शकुबाईने सरांचं बोलणं तिच्या भाषेत सांगितलं, तेव्हा तिने ठोकळे काढले.

सात कार्डं झाली. सहा वेळेत. सातवं नऊ सेकंदांनी हुकलं. तिथे उमेराने शून्यच लिहिलं. मग जुन्या पत्रिकेवर आडवी रेघ मारून 'निकाल ग्राह्य नाही' असा शेरा लिहिला, खाली तारीख आणि सही. सरांनी कागद दोनदा वाचला. बाहेर जीपचा हॉर्न वाजला.

"जा म्हणा डायवरले," ते खिडकीतून शिपायावर ओरडले. "रिकामीच जाऊ दे गाडी. आन् वारलूले आत बोलवा, चहा द्या."

ते खुर्ची ओढून चैतेच्या समोर बसले. टेबलावर सातवी नक्षी तशीच होती.

"शकुबाई, 'राहू दे' हे तुमच्या बोलीत कसं म्हणते?"

शकुबाईने सांगितलं. सरांनी म्हणून बघितलं. चैतेने मान हलवली: नाही. त्यांनी पुन्हा म्हटलं. तिने स्वतःच तो शब्द सावकाश म्हणून दाखवला, स्पष्ट, खोलीभर ऐकू जाईल असा. वारलू दारात थबकला.

तिसऱ्या वेळी सरांचं बरोबर आलं.

"हो," चैते मराठीत म्हणाली.