सलग राहिलेली माणसं

“सलग दहा वर्षं राहिलेला असावा. मधे खंड नको,” आत्या भर सभेत उभी राहून म्हणाली, आणि मागे बसलेल्या दोघी-तिघींनी टाळ्या वाजवल्या.

गावाच्या कडेला मोकळ्या जागेत घरांसाठी प्लॉट पाडले होते. बाहेरच्यांनी पैसे फेकून निम्मं गाव आधीच घशात घातलेलं. म्हणून या वेळी आधी गावच्या माणसांना, उरलं तर इतरांना, असं ठरलं. आता गावचा म्हणजे कोण, एवढाच प्रश्न उरला होता.

एरवी आत्या सभेत तोंड उघडायची नाही. पण दोन ओळी सोडून कंपाउंडर बसला होता. दवाखान्यातला भला माणूस. वडिलांच्या आजारपणात तेवढं वर्षभर आपल्या मुलखात जाऊन आलेला. टाकीजवळचा कोपऱ्यावरचा प्लॉट त्याने मागितला होता. आत्यालाही तोच हवा होता.

“आत्यांची अट मंजूर?” अध्यक्षांनी विचारलं. हात वर गेले. तिच्या दादाचाही गेला. कंपाउंडर मांडीवरच्या टोपीकडे बघत राहिला.

आत्या नव्या बांधकामांना पाणी मारायची. ताज्या भिंतीला वेळच्या वेळी पाणी मिळालं नाही तर पुढे जन्मभर तडे जातात. निम्म्या गावाच्या भिंती तिने अशा भिजवल्या होत्या, आणि स्वतः मात्र नवरा गेल्यापासून दादाच्या स्वयंपाकघरामागच्या खोलीत राहत होती. सोबत सासू, कानाने जवळजवळ बहिरी. “लोक माहेरी येताना पिशवी आणतात, आमच्या वन्संनी सासू आणली,” असं वहिनी आल्यागेल्याला हसत सांगायची. हसत सांगायची, म्हणून रागावताही यायचं नाही.

प्लॉट मिळाला की दोन खोल्या काढायच्या, असं आत्याने सासूच्या कानाशी ओरडून सांगितलं होतं. तेव्हापासून म्हातारी रोज विचारायची, खिडकी कुठल्या बाजूला?

अर्जांची छाननी झाली त्या दिवशी अध्यक्षांनी दोघा भावंडांना एकत्रच आत बोलावलं.

“आत्या, तुम्ही परत कधी आलात?”

“परत? मी गेले कुठे होते?”

“सासरी.”

“सासरी जाण्याला गाव सोडणं म्हणतात होय? जन्म इथला माझा, शाळा इथली. तुमच्या धाकट्याला कडेवर घेऊन फिरलेय मी.”

“सगळं मान्य. पण लग्नानंतर बिऱ्हाड तिकडेच होतं ना? येऊन सहा वर्षं झाली. खंड नको, हे तुमचंच म्हणणं.”

“ते मी बाहेरच्यांसाठी म्हटलं होतं.”

अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. माणूस वाईट नव्हता. दादाकडे वळून म्हणाले, “तुम्ही सांगा. लग्नानंतरही त्यांचं राहणं जास्त इथेच असायचं, एवढं तुम्ही म्हणालात तरी मी धरून चालतो.”

दादाने चपलेच्या अंगठ्याकडे बघितलं. टेबलावरच्या अर्जांत टाकीजवळच्या प्लॉटसाठी त्याचाही होता, हे आत्याला त्या क्षणी दिसलं.

“आम्ही रीतसर लग्न लावून दिलं होतं हिचं,” तो म्हणाला.

यात खोटं काहीच नव्हतं.

बाहेर पायरीवर कंपाउंडर बसला होता. त्याचा निकाल आधीच लागला होता.

“तुमचंही नाही झालं?” त्याने विचारलं.

“नाही.”

त्याने एखादा टोमणा मारला असता तर तिला बरं वाटलं असतं. ती थोडी थांबलीही त्यासाठी.

“आज गुरुवार ना,” तो उठत म्हणाला, “सासूबाईंच्या इंजेक्शनला येतो संध्याकाळी. आणि आत्या, महिनाअखेर मी जाणार इथून. मालक खोल्या पाडतोय. पुढे त्यांना सुई कोण टोचेल, तेवढं बघून ठेवा.”

तिने मान हलवली. दर गुरुवारी तो यायचा, आणि चहाखेरीज त्याने कधी काही घेतलं नव्हतं.

टाकीजवळचा प्लॉट दादाला मिळाला. तो कधी कुठे गेलाच नव्हता. भिंती कमरेएवढ्या झाल्या तेव्हा वहिनी म्हणाली, “वन्सं, पाणी तुम्हीच मारा हं. घरचंच काम. मागे एक खोली काढलीय तुम्हा दोघींसाठी, चुलीच्या पाठीला.”

एका संध्याकाळी सासू काठी टेकत तिथवर आली. विटांच्या ढिगावर टेकली, ओल्या भिंतीवरून हात फिरवला.

“चांगली पितेय गं आपली भिंत,” ती म्हणाली. “खिडकी इकडेच ठेव. उजेड येईल.”

भिंत आपली नाही, दादाची, हे सांगायचं तर ओरडून सांगावं लागलं असतं. गवंडी अजून टाकीपाशी हात धूत होते, वहिनी चहा घेऊन येत होती.

आत्याने मान डोलावली, आणि नुकतीच भिजवलेली तीच भिंत पुन्हा वरपासून भिजवायला घेतली.