पूजा झालेला लेथ

खंडेनवमीची पूजा आटोपून मृदुलाताई भोसरीतल्या आपल्या वर्कशॉपचं शटर ओढायच्या बेतात होत्या, तेवढ्यात हान्ना धापा टाकत आत आली. छातीशी टेबललॅम्प कवटाळलेला. चाकणच्या कंपनीत इंजिनिअर असलेली ही जर्मन मुलगी ताईंच्याच घरी वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायची आणि आता बऱ्यापैकी मराठी बोलायची.

लॅम्प तिच्या जर्मनीतल्या आजोबांनी तरुणपणी स्वतःच्या हातानं घडवलेला. काळपट हिरवा, घंटेसारखी पत्र्याची टोपी, कोपरासारखा वाकणारा दांडा. गेल्या आठवड्यात तो तिच्या हातून पडला आणि कोपरातला बोल्ट तुटला. आजोबांना तिनं कळू दिलं नव्हतं. आटे जुन्या धाटणीचे, बाजारात तसा बोल्ट मिळेना. दसरा झाला की ताईंचे यजमान सदाशिवराव नवा करून देणार होते. पण आजोबांचं हृदयाचं ऑपरेशन अचानक आजवर आलं. आत नेण्याआधी त्यांना फोनवर आपला लॅम्प पेटलेला बघायचा होता. हाताशी जेमतेम तास होता.

सदाशिवराव म्हणाले, तारेनं आवळून देतो. हान्नानं मान हलवली.

"काका, त्यांना आधी तारच दिसेल."

दुसरीकडं न्यावा, तर आज अख्ख्या भोसरीतले लोखंड कातायचे लेथ हार घालून बसलेले.

सगळे ताईंकडं बघू लागले, कारण नेम त्यांचा होता. तीन वर्षांपूर्वी याच दिवशी, पूजा झालेल्या याच लेथवर शॉपमधल्या कारागिरानं, नवनाथनं, घाईचं काम घेतलं आणि उजव्या हाताची दोन बोटं गमावली. तेव्हापासून मशिनला एकदा हळदीकुंकू लागलं, की दसऱ्याच्या सकाळपर्यंत बटणाला कुणी हात लावायचा नाही.

"वहिनी, नका," नवनाथ हळूच म्हणाला. "मी भोगलंय ते."

ताईंचा नवरात्राचा उपास चालू होता. नेम मोडला आणि यजमानांच्या हाताला काही झालं, तर देवीपुढं कोणत्या तोंडानं उभं राहायचं? आणि नाही मोडला, तर तो म्हातारा जीव आपल्या हातचं काम न बघताच आत जाणार. त्यांनी देवीला मनोमन विचारलं. मग त्यांनी तबकातल्या अक्षता उचलल्या.

"उत्तरपूजा करते. एवढ्या एकाच लेथची. दोष लागलाच, तर तो माझ्या पदरात."

अक्षता वाहून त्यांनी हार उतरवला. पाठवणी करताना देव जागचा जरासा हलवायचा असतो. लेथ कुठला हलायला! त्यांनी लोखंड पकडणारा त्याचा चकच हातानं थोडा फिरवला आणि नमस्कार केला.

मेन स्विचपाशी जाऊन नवनाथनं तीन बोटांचा हात खटक्यावर ठेवला.

"दादा, काय वाटलं तर हाक मारायला थांबू नका. नुसतं बघा माझ्याकडं."

लेथ सुरू झाला. सदाशिवराव आटे पाडत होते आणि ताईंची नजर त्यांच्या बोटांवरून हलत नव्हती. एकदा टूल करकरलं, तशी नवनाथनं खटका पाडला. लेथ थांबला. बोटं शाबूत होती. सदाशिवरावांनी कपाळ पुसलं, टूल नीट बसवलं आणि मान डोलावली. लेथ पुन्हा फिरू लागला.

बोल्ट बसतो न बसतो तोच फोन वाजला. पडद्यावर उशीला टेकलेले आजोबा, मागं घाई करणारी नर्स. त्यांनी दांडा वरखाली करून दाखवायला सांगितलं. हान्नानं केला, मध्येच सोडला, तरी तो तिथंच राहिला. आजोबा बराच वेळ बघत होते. मग काहीतरी बोलले आणि हान्नाचा चेहरा उतरला.

"म्हणतात, हा बोल्ट माझा नाही."

तिनं रडत रडत सगळं सांगितलं. आजोबा रागावले नाहीत. बोल्टच्या डोक्यावर लाल काय लागलंय, एवढंच त्यांनी विचारलं. सदाशिवरावांच्या बोटाचं कुंकू होतं ते.

"पुसू नकोस म्हणतात," हान्ना म्हणाली. "आणि मी बाहेर येईपर्यंत दिवा विझवू नकोस."

फोन बंद झाला. ताई स्टूल ओढून लॅम्पपाशी बसल्या, घरी घटापुढच्या दिव्यापाशी बसायच्या तशाच. निरोप कधी येईल, काय येईल, कुणालाच ठाऊक नव्हतं. नवनाथ अजून मेन स्विचपाशीच होता. मघाशी तो खटका पाडायला उभा होता. आता कुणाचा चुकून हात लागून दिवा विझू नये म्हणून.