अपडेट दाबायचं नाही!

सांगून सांगून ताईच्या तोंडाला फेस आला, पण धाकटा भाऊ ढिम्म! तो फोटोग्राफर. दिवसभर स्टुडिओत गिऱ्हाइकांचे फोटो सजवायचे आणि संध्याकाळी त्याच कॉम्प्युटरवर मित्रांच्या टोळीबरोबर गेम खेळायचा. टोळीत त्याला सगळे कप्तान म्हणत. कप्तानाचा नियम एकच: अपडेट दाबायचं नाही. एकाने जरी गेमची नवी आवृत्ती घेतली, तरी त्याला बाकीच्यांबरोबर खेळता येत नसे. म्हणून सगळेच जुनीला चिकटून बसले होते.

ताईचं कामच ऑफिसांचे कॉम्प्युटर सांभाळायचं. ती म्हणायची, "अरे, त्या जुन्या आवृत्तीत भगदाड आहे. खेळात आलेला परका माणूस तिथून थेट तुझ्या कॉम्प्युटरमध्ये घुसू शकतो. गेम बनवणाऱ्यांनीच सांगितलंय! नवीत ते बुजवलंय."

"नवीत ती मजा नाही गं ताई. आणि आमच्यासारख्या फाटक्यांचं कोण काय चोरणार?"

"तुझं नाही रे, लोकांचे फोटो आहेत त्यात! निदान त्यांची दुसरीकडे प्रत तरी ठेव."

"ठेवतो, ठेवतो."

ताई कपाळावर हात मारून घ्यायची. भिंतीशी बोललं असतं तर बरं, असं तिला वाटायचं.

एका सकाळी भावाचा फोन आला. "ताई, लवकर ये. एकही फोटो उघडत नाहीये." आदल्या संध्याकाळी एक अनोळखी खेळाडू त्यांच्यात आला होता. छान खेळला म्हणून टोळीने त्याला शाबासकीसुद्धा दिली होती! ताईने होते नव्हते ते सगळे उपाय करून पाहिले. त्या अनोळखीने भगदाडातून घुसून फोटोंना घातलेलं कुलूप काही निघेना. प्रत तर भावाने ठेवलीच नव्हती.

दुपारी शेजारची शिक्षिका आली. तिच्या वडिलांच्या वाढदिवसाचे फोटो त्यानेच काढले होते. वडील नुकतेच वारले होते.

"दादा, त्यातला बाबांचा हसरा फोटो मोठा करून द्या ना. हसतानाचा दुसरा नाहीच आमच्याकडे."

भावाने ताईकडे पाहिलं. तिने नकारार्थी मान हलवली. मग त्याला सगळं सांगावंच लागलं.

"खेळापायी?" शिक्षिकेने एवढंच विचारलं आणि ती निघून गेली.

भाऊ मटकन खाली बसला. "आता बसू नकोस!" ताई कडाडली. "बाकीच्यांचे कॉम्प्युटर अजून तसेच उघडे आहेत."

त्याने पहिल्या मित्राला फोन लावला. "ती जुनी आवृत्ती आत्ताच्या आत्ता काढून टाक!"

"कप्तान, नियम तूच केलास ना?"

"मीच केला! आणि मीच मोडतोय!"

पलीकडून हसू आलं. "सोड रे. आपल्यासारख्यांचं कोण काय चोरणार?"

भावाने कपाळावर हात मारून घेतला. ताईने चपला पायात सरकवल्या. "चल. एकेकाच्या घरी जाऊन सांगू."

वाचकहो, खेळा, मनसोक्त खेळा! पण अपडेट टाळताना एवढं ध्यानात ठेवा: आपल्या कॉम्प्युटरमध्ये फक्त आपलंच नसतं. कुणी विश्वासाने सोपवलेलं हसूही तिथे असतं, आणि ते पुन्हा काढता येत नाही.