तपेल्याच्या पोटावरचा पोचा

मित्रांनो, मी एक जुनं तांब्याचं तपेलं आहे. रोमच्या उत्तरेला, पो नदीच्या काठच्या एका गावात, शेतमजुरांच्या सभागृहात भिंतीला टांगलेलं असतं. हल्ली माझ्यात कागदी फुलं ठेवतात. फुलं वाईट नाहीत हो, पण मला सवय मक्याच्या घाट्याची.

हे सभागृह मजुरांनी रविवारी विटा वाहून बांधलं आणि पहिल्या जेवणासाठी तांबटाकडून मला आणलं. एक मे, म्हणजे कामगार दिन, हा त्यांचा सण. त्या दिवशी मी अंगणातल्या चुलीवर चढायचं. आर्जामावशी लांब दांड्याने घाटा ढवळायची. हात थांबवायचा नाही, थांबला की घाटा खाली लागतो. तिचा नवरा ओलिंदो शेजारी उभा राहून गायचा, आणि त्याचा आवाज ऐकून नदीतले नावाडी वल्ही थांबवायचे. घाटा फळीवर ओतून दोऱ्याने कापला की माझ्या तळाची खुसखुशीत खरवड पोरांना मिळे. शेजारचा लेआर्को सर्वांत पुढे.

"आधी त्याला द्या गं," मावशी म्हणायची, "आई नाही त्याला."

काय दिवस होते ते! अजून आठवले की माझा तळ ऊबदार होतो.

मग काळे सदरे घातलेली टोळकी आली. पाठीशी जमीनदार, हातात दंडुके. आधी त्यांनी शेजारच्या गावातलं वाचनालय जाळलं. आमचे लोक म्हणाले, "चार दिवसांचे पाहुणे आहेत." पाहुण्यांनी पुढे आमचं सभागृहच पेटवलं. मावशीने ओढून बाहेर काढलं म्हणून मी वाचलं. हळूहळू रोममध्ये त्यांच्या पुढाऱ्याचं, एकाच माणसाचं राज्य झालं. बाकीचे पक्ष बंद, मजुरांच्या संघटना बंद, एक मेसुद्धा बंद. त्या दिवशी धुतलेला सदरा घातला तरी सण पाळल्याचा संशय. आणि लेआर्को? एका उपाशी हिवाळ्यात त्यानेही काळा सदरा चढवला.

तरी एका वर्षी एक मेला मावशीने मला घरच्या परसात चढवलं. चार शेजारी जमले. तेवढ्यात लेआर्को आत आला. त्याचे साथीदार फाटकाशी थांबले.

"आज काय आहे, मावशी?"

"भूक आहे. दुसरं काय?"

"ओलिंदोकाकाचा सदरा फार पांढरा दिसतोय."

"मग? धुणंसुद्धा तुमच्या सरकारला विचारून धुवायचं का रे?"

बोलण्याच्या भरात तिचा हात थांबला. "अगं, खाली लागतंय!" म्हणत लेआर्कोने दांडा घेतला आणि ढवळायला लागला. क्षणभर मला वाटलं, आमचा लेआर्को परत आला.

"काय रे, सैपाकीण झालास?" फाटकातून साथीदार खिदळले.

त्याचा चेहरा लालबुंद झाला. त्याने मला सणसणीत लाथ घातली. घाटा मातीत गेला, माझ्या पोटाला हा पोचा पडला, आणि ओलिंदोला त्यांनी धरून नेलं. हिवाळ्यात तो परत आला. आवाज मात्र परत आला नाही.

बऱ्याच वर्षांनी ते राज्य कोसळलं, युद्ध संपलं. सभागृह पुन्हा उभं राहिलं आणि एक मेला मी पुन्हा अंगणातल्या चुलीवर चढलं. ओलिंदो बाकावर बसून नुसते ओठ हलवत होता. लेआर्को फाटकाबाहेर उभा होता. त्याला कुणी आत बोलवेना. शेवटी मावशीने त्याच्यापुढे दांडा धरला.

"ढवळ."

"मावशी, मी..."

"बोलू नकोस. हात थांबेल."

घामाघूम होईपर्यंत तो ढवळत राहिला. खरवड निघाली, ती मावशीने सगळी पोरांना वाटली. "तुझ्या वाटणीची तू केव्हाच खाल्लीस," ती त्याला म्हणाली.

त्याने माझ्या पोटावरून हात फिरवला. "तांबटाकडे नेऊन हा पोचा तरी काढून आणू?"

"राहू दे. पोरं विचारतील, हा कशाने पडला म्हणून. तेव्हा सांगायला तू यायचं."

मित्रांनो, तो दर वर्षी येत असे. मान खाली घालून सगळं सांगत असे. आता मावशी नाही, तोही नाही, आणि माझा पोचा फुलांआड गेला आहे. तेवढी फुलं काढा. मला चुलीवर चढवा, आळीपाळीने ढवळा, आणि हा पोचा कुणी पाडला ते एकमेकांना विचारा.