वास घेतलेला नैवेद्य

आधीच सांगते, मी शांत बाई नाही. माझ्या नाकावर राग असतो असं सगळे म्हणतात, आणि गेले चार महिने त्या नाकाला रागाशिवाय दुसरं काही कामच नव्हतं. ताप आला, गेला, आणि जाताना वास नि चव दोन्ही घेऊन गेला. चहा म्हणजे गरम पाणी, लोणचं म्हणजे नुसती चावाचावी. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. कसलं काय!

घरात हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. नवऱ्याला नाही, मुलाला नाही, सुनेला तर मुळीच नाही. वास न येणाऱ्या बाईला गॅससमोर कोण उभं करील? आधी म्हणतील, "तुम्ही बसा आता." मग म्हणतील, "बसूनच राहा." स्वयंपाकघर गेलं तर माझ्याकडे उरतं काय? टीव्हीचा रिमोट, तोही नवऱ्याच्या हातात. खरं सांगते, मला भीती वाटत होती.

त्यात सण आला. सणाला आमच्याकडे बासुंदी, आणि जेवायला जाऊबाईंसकट अठरा माणसं. जाऊबाई थोरल्या. माझ्या बासुंदीत त्यांना आजवर खोट काढता आलेली नाही, ही त्यांची जुनी हळहळ आहे. पण मला एक आधार होता. आमच्याकडे देवाला नैवेद्य दाखवेपर्यंत कुणी काही चाखत नाही, वाकून वाससुद्धा घेत नाही. घेतला की ते उष्टं. म्हणजे बाकीच्यांचं नाक-तोंड बंद, आणि माझं आधीच बंद. हाताला सगळं पाठ आहे, यंदा निभावून नेईन, असं मी ठरवलं.

सकाळी आठला सहा लिटर दूध चढवलं. कडेची साय सोडवून आत ढकलत, तळापासून उलथणं फिरवत उभी राहिले. साडेदहाला दूध आटून निम्म्याखाली आलं, रंग बदामी झाला. साखर घातली. वेलची, जायफळ डोळ्यांनीच मोजलं. सून मागे टेबलाशी चारोळ्या निवडत होती. गप्प मुलगी. दीड वर्षात माझ्याशी मोजून दोनशे शब्द बोलली असेल. मी तिला गॅसजवळ फिरकू दिलं नाही, हेही तितकंच खरं.

तेवढ्यात जाऊबाईंचा फोन. पुऱ्या करणार की पोळ्या, इथून सुरू झाल्या आणि आपल्या गुडघ्यांवर पोचल्या. एका हातात फोन, दुसऱ्यात उलथणं. गुडघ्यांच्या नादात उलथण्याचा हात कधी थांबला, मला कळलंच नाही. साखर पडल्यावर हात थांबवायचा नसतो, हे मी जगाला शिकवत आलेय!

"आई, बूड लागलंय," सून म्हणाली. "करपल्याचा वास येतोय."

मी फोन ठेवला आणि तिच्यावरच भडकले. "देवाच्या पातेल्यात नाक खुपसलंस? नैवेद्याचा वास घेतलास?"

"घेतला नाही. आला."

मी घाईनं वळले. गॅस बंद केला. उलथणं तळाला टेकवलं तर खरखरीत लागलं. अशा वेळी तळ खरवडायचा नाही, वरचं हलक्या हातानं दुसऱ्या भांड्यात ओतून घ्यायचं. ते मी झोपेतही करीन. ओतलं. पण पुढचं काम हाताचं नव्हतं. करपट वास वर चढला असेल तर सगळंच फुकट. चढला नसेल तर काही बिघडलं नाही. हे सांगायला नाकच हवं.

मी भांड्यावर वाकले. चेहऱ्याला वाफ लागली, बाकी काही नाही. ठीक आहे म्हणून रेटून नेता आलं असतं. पण करपलेलं देवापुढे ठेवायचं? अठरा माणसांना वाढायचं? माझा धीरच सुटला.

"मला वास येत नाही," मी म्हटलं. "तापापासून. चवही नाही. जा, सांग सगळ्यांना."

"माहीत आहे मला."

"काय माहीत आहे?"

"डाळीत तुम्ही कधी मीठ दोनदा घालता, कधी घालतच नाही. वाढायच्या आधी मी बघून घेते. कमी असलं तर घालते, जास्त झालं तर गरम पाणी."

चार महिने ही रोज "मी वाढते" म्हणत पुढे व्हायची, आणि मी मनात म्हणायचे, आली बघा मालकीण! आधी मला तिचा राग आला, मग माझाच आला, आणि मग रडूच आलं. नाकही गळायला लागलं. तेवढ्यापुरतं बरं चालतं मेलं.

"कुणाला बोलली नाहीस?"

"तुम्ही कुठे कुणाला सांगितलं होतंत?"

मी डोळे पुसले. "वाक. वास घे."

"आई, अजून नैवेद्य दाखवायचाय."

"घे म्हणते ना! देवाला काय सांगायचं ते मी सांगते."

ती वाकली. डोळे मिटून चांगला लांब वास घेतला. "वरचं चांगलं आहे. करपट नाही. जायफळ मात्र कळत नाहीये."

मी जायफळ किसायला घेतलं. "अजून," ती म्हणाली. "अजून थोडं. बास." माझ्या स्वयंपाकघरात मला कुणी बास म्हणावं आणि मी ऐकावं, असं पहिल्यांदाच झालं.

दुपारी देवापुढे वाटी ठेवून मी सरळ सांगून टाकलं, हिनं वास घेतलाय, मीच घ्यायला लावला, काय ते माझ्याशी बोल.

जेवताना जाऊबाईंनी दुसरी वाटी मागितली. "यंदा जायफळ छान उतरलंय गं. तुझ्या हाताची चव काही जायची नाही."

मान डोलावली असती तर भागलं असतं. "हाताची राहिलीय, जाऊबाई," मी म्हटलं, "तोंडाची गेली. वासही गेलाय. चार महिने झाले."

सगळे जेवायचे थांबले. नवऱ्याचा घास हातातच राहिला.

"अगंबाई!" जाऊबाई म्हणाल्या. "मग पुढच्या सणाला स्वयंपाक कोण करणार?"

याच प्रश्नाला मी चार महिने भीत होते.

"आईच करणार," सून वाढता वाढता म्हणाली. "मी असते ना तिथं." आणि तिनं माझ्या वाटीत डावभर बासुंदी वाढली.

"मला कशाला वाढतेस? मला काय कळणार?"

"दाट झालीय का, ते कळेल ना."

मी घोट जिभेवर घोळवला. दाट झाली होती, अगदी हवी तशी.