धुऱ्यावरचं पाऊल

फुकट मिळणाऱ्या गोष्टीला मागे दोरी असते, असं इंदरलालचं ठाम मत होतं. त्यामुळे गोंदियाच्या निसर्ग मंडळाने गावात शिवारफेरी जाहीर केली, तेव्हा त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या. रविवारी सकाळी सगळ्यांनी तळ्याकडच्या शेतांमधून फिरायचं, पाणपक्षी ओळखायचे, चिखलातले माग वाचायचे, सापापासून जपून कसं चालायचं ते शिकायचं. आणि पैसे नाहीत!

"फुकट काऊन?" त्याने बायकोला, सुखवंताला विचारलं.

सुखवंता म्हणाली, दिवसभर चिखलात राबतो आपण, साप कुठे दडतो ते कळलं तर बरंच की. ती जाणार होती.

इंदरलालला खरी धास्ती वेगळीच होती. त्याच्या खालच्या बांधीत, म्हणजे पाणी साठवलेल्या खाचरात, उभ्या धानाच्या मधोमध, सारसाच्या जोडीने घरटं घातलं होतं. आत दोन अंडी होती. हे त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं. कोहमाऱ्याच्या ढाब्यावर एक ट्रकवाला बोलता बोलता म्हणाला होता, की सारस सापडला की ती जमीन सरकार घेतं. कोणत्या गावात घेतली, कोणाची घेतली, हे इंदरलालने विचारलं नाही. भीतीला कुठे नाव-गाव लागतं?

शनिवारी दिवस मावळताना तो फावडं घेऊन गेला आणि बांधीचा धुरा, म्हणजे कडेचा मातीचा बांध, नाल्याच्या बाजूने फोडला. पाणी उतरलं की पाखरं आपोआप जातील. कोणी विचारलंच तर खेकड्याने भोक पाडलं म्हणायचं. खेकडे धुरे पोखरतातच, त्यात नवल ते काय. नर सारस पलीकडून मान उंच करून बघत होता. इंदरलालने त्याच्याकडे पाठ फिरवली.

रविवारी तोही फेरीत सामील झाला. शिकायला नव्हे, पाळत ठेवायला. मंडळाची दामिनी नावाची मुलगी सगळ्यांना पुढे घेऊन चालली होती. तिने दुर्बीण डोळ्याला लावली की याला वाटे, ही पक्षी बघते की माझा सातबारा? कोणी मोबाइलवर फोटो काढला की हा वाकून बघे, फोटोत काय आलं. दामिनी मात्र गवतात पाय टाकण्याआधी काठी कशी आपटायची ते दाखवत होती. मुंगसाचा माग कोणता, बगळ्याचा कोणता, हे बायका चिखलात बसून ओळखत होत्या. इंदरलाल दोनदा म्हणाला, खालच्या अंगाला काही नाही, वर तळ्याकडे चला. दोनदा म्हणाला, म्हणूनच लोकांच्या नजरा खाली वळल्या.

फुटलेला धुरा आधी सुखवंतालाच दिसला. बांधीतलं पाणी तळाला गेलं होतं.

"खेकडा असन," इंदरलाल घाईने म्हणाला.

दामिनी खाली बसली. तिने शांतपणे सांगितलं, की खेकड्याच्या बिळाच्या तोंडाशी मातीच्या गोळ्या पडतात. इथे तर माती सरळ कापलेली आहे, हे फावड्याचं काम आहे. आणि ही बघा पावलं. माणूस गावाकडून आला, बराच वेळ उभा राहिला आणि परत गेला. डाव्या पायाचा अंगठा बाहेर वळलेला आहे.

सगळे वाकून बघू लागले. सुखवंता वाकली नाही. बैलाचा पाय पडून वाकडा झालेला तो अंगठा तिने कितीदा हळद लावून शेकला होता! तिने नवऱ्याकडे एकदा पाहिलं. मग पुढे होऊन आपला पाय त्या पावलावर दाबून ठेवला.

"खेकडाच असन," ती म्हणाली आणि हाताने चिखल ओढून भगदाड बुजवू लागली.

इंदरलालची मान खाली गेली. आयुष्यात खोटं न बोललेली बाई आज त्याच्यासाठी चारचौघांत खोटं बोलली होती!

तेवढ्यात सारस ओरडला. पाणी आटल्यामुळे दोन कुत्री बांधीत उतरून थेट घरट्याकडे निघाली होती. नर पंख पसरून आडवा उभा राहिला, मादी अंड्यांवरून उठली नाही. इंदरलाल चप्पल टाकून धावला. ढेकळं मारत त्याने कुत्री पार नाल्यापलीकडे हाकलली आणि चिखलाने माखून परत आला.

"खेकडा नाही," तो म्हणाला. "मीच फोडलो. सारस दिसला तं माही बांधी सरकार नेईन, असं एक ट्रकवाला बोलला होता."

 मग शेजारच्या वरच्या बांधीची मालकीण, म्हातारी जमुनाबाई पुढे आली.

"मागल्या साली माह्या बांधीत होते हे," ती म्हणाली. "पिल्लं निघाली, उडून गेली. धान मीच कापलो. बांधी कोणी नेली नाही."

"मंग सांगतली काऊन नाही?" इंदरलालने विचारलं.

"तुह्यासारखीच भेत होतो ना बापा. तू ट्रकवाल्याचं आयकला, मले नाही विचारला. मी कोणालेच नाही सांगतलो. दोघंही गप्प, अन् जीव कोणाचा जाऊन राहिला होता?"

दामिनीनेही सांगितलं, की जमीन घ्यायला आम्ही आलोच नाही. पिल्लं निघेपर्यंत बांधीत पाणी राहू द्या, एवढंच मागणं आहे.

पण पाणी आणायचं कुठून? धानाच्या शिवारात शेजाऱ्याचं पाणी मागणं म्हणजे भांडणाला बोलावणं. जमुनाबाईने कोणाला मागायला लावलंच नाही. इंदरलालला घरून तेच फावडं आणायला लावून तिने ते हातात घेतलं, आपला धुरा थोडा उघडला आणि तिच्या बांधीचं पाणी खाली घरट्याच्या दिशेने वाहू लागलं.

पुढे दोनपैकी एकाच अंड्यातून पिल्लू निघालं. दुसरं त्या कोरड्या रात्रीत गेलं की आधीच, ते कोणाला सांगता येणार नाही. इंदरलालने मात्र तो हिशेब स्वतःच्याच माथी घेतला.

पुढच्या शिवारफेरीत एक पाहुणा त्याच्या कानाशी लागला. "फुकट काऊन फिरवून राहिले हे लोक?"

इंदरलालने त्याचा हात धरून त्याला दामिनीसमोर उभं केलं. "हिलेच विचार," तो म्हणाला, "सगळ्यायच्या समोर."

मंडळी, शंका येणं पाप नाही. ती पोटात ठेवून फावडं उचलणं पाप आहे. शंका चारचौघांत विचारावी. शेजारी उत्तर घेऊन उभा असतो.