लाइट आहे ना, बाबा?

निशाने ओल्या कापडाचा तुकडा इस्त्रीखाली दाबून वाळवला, गिऱ्हाइकाच्या नमुन्याशेजारी दिव्याखाली ठेवला आणि डाव्या हाताने मोबाइल पुन्हा उघडला. पडदा अजून करडाच होता. कॅमेऱ्याचा घरच्या वायफायशी संपर्क नाही, एवढीच ओळ.

"आज तुझी सीरियल बंद का गं?" पलीकडच्या टेबलावरून चंचल म्हणाली. "रोज तीच हिरोइन, तोच पलंग. कंटाळत कशी नाहीस?"

"नेट गेलंय घरचं."

पलसाण्याच्या त्या डाइंग मिलच्या लॅबमध्ये सगळ्यांना ते चित्र पाठ होतं. उधन्याच्या घरातला पलंग, उशीला टेकलेली निशाची माय, मीराबाई, तिच्या नाकातली नळी आणि पायाशी ऑक्सिजनचं मशीन. दिवाळीनंतर मायला दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा निशाने स्वतःच भिंतीवर कॅमेरा ठोकला होता. घरी बाबा असायचे. पण बाबांना डुलकी लागायची, दूध आणायला खाली जावं लागायचं. चित्र दिसत राहिलं की निशाचे हात कामाला लागत.

तिने घरी फोन लावला. बाबांनी पहिल्याच रिंगला उचलला.

"बाबा, नेट बंद पडलंय का?"

"हां. मघापासून बंदच आहे. बिघडलं वाटतं."

"माय?"

"झोपली."

"लाइट आहे ना?"

"लाइट आहे, लाइट आहे," बाबा घाईने म्हणाले. "त्याची काळजी नको करू तू."

"मग राउटरकडे बघा. दिवे लागलेत का?"

"लागलेत की. हिरवे."

"किती?"

"असतील दोन-तीन. लुकलुकतात."

"स्विच बंद करा. थोडं थांबा. मग चालू करा."

"केलं."

"एवढ्यात?"

"केलं ना, बेटा."

निशाला ते विचित्र वाटलं. बाबांची उभी हयात मागावर गेली होती. यंत्र बंद केलं की त्याला दम खाऊ द्यावा, हे तिला त्यांनीच शिकवलं होतं. तरी तिने पुढची पायरी सांगितली. "मागे एक बारीक भोक आहे. त्यात टाचणी घालून दाबून धरा."

"दाबली."

"टाचणी कुठली घेतली?"

"वर्षाने दिली."

शेजारची वर्षा या वेळी शिलाईच्या कारखान्यात असायची.

"वर्षा आलीय?"

"आली होती. अशीच, बसायला." आणि बाबांनी फोन ठेवला.

निशाने केबलवाल्या भाईदासला फोन लावला. गल्लीतली सगळी कनेक्शनं त्याच्याकडे होती. त्याने तिला थांबायला सांगून आपल्या कॉम्प्युटरवर पाहिलं.

"बेन, लाइन तो बराबर छे. तमारुं राउटरज बंद छे. दादाने कहो, स्विच चालू करे."

"बाबा म्हणतात हिरवे दिवे लागलेत."

"तो दादा बीजा कोईनुं राउटर जोता हशे," भाईदास हसला. दादा दुसऱ्याच कुणाचं राउटर बघत असतील म्हणे.

निशाही हसली. बाबांचा चष्मा कुठेतरी राहिला असेल. ते मोबाइलच्या चार्जरकडे बघून सांगत असतील. तिने तिथल्या तिथे कारणं मांडली, एकेक तपासायची ठरवली आणि पुन्हा घरी फोन लावला.

"बाबा, चष्मा लावलाय का?"

"लावलाय."

"राउटरच्या अगदी जवळ जा."

"आलो जवळ."

राउटर मायच्या पलंगाला लागूनच होतं. निशाने मोबाइल कानाशी घट्ट धरला. मागे कुणीतरी भांडं खाली ठेवलं. कुणीतरी कुणाला तरी "हळू" म्हणालं. आणखी काहीच ऐकू येत नव्हतं.

घरी फोन लावला की आधी मशीनची घरघर यायची आणि मग बाबांचा आवाज. या काही महिन्यांत ती इतकी सवयीची झाली होती की निशा नकळत आवाज चढवूनच बोलायची. आज तिला आवाज चढवावा लागला नव्हता.

लाइट आहे, बाबा म्हणाले होते. लाइट असेल तर मशीन चालू हवं. लाइट गेली असं ते म्हणूच शकले नसते. ऐकल्याबरोबर ती मशीनच्या धास्तीने धावत सुटली असती. म्हणून त्यांनी फक्त राउटर बंद करून ते बिघडल्याचं सांगितलं होतं.

"निशा? ऐकू येतंय ना?"

"येतंय."

"बेटा, तू खाल्लं का काही?"

निशाने टेबलाची कड धरली.

भिकनमामा गेला तेव्हा गावाहून फोन बाबांनाच आला होता. त्यांनी मायला समोर बसवून अख्खी भाकरी खायला लावली होती. मीठ कमी पडलं म्हणून उगीच कुरकुर केली होती. मायने हात धुतल्यावर मगच तिला सांगितलं. त्यानंतर दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत घरात कुणाच्या तोंडात घास गेला नव्हता.

"नाही अजून," निशा म्हणाली.

"मग खाऊन घे ना. सकाळी तशीच गेलीस. मायचं करता करता तुझं राहूनच गेलं."

"खाते. फोन ठेवू नका, बाबा."

तिने पिशवीतून डबा काढला. चंचलने भुवया उंचावल्या, जेवणाच्या सुट्टीला वेळ होता. निशाने तिच्याकडे पाहिलं नाही.

"काय नेलंस?" बाबांनी विचारलं.

"गवार."

"चांगली झाली?"

"झाली."

"सगळं खा."

तिने घास घेतला. गवार तोंडात नुसती फिरत राहिली. तिने ती गिळली आणि दुसरा घास तोडला. ती चावत होती आणि बाबा ऐकत होते. एकदा त्यांनी नाक ओढलं आणि मोबाइल लांब धरला. निशाने पोळीचा मोठा तुकडा तोंडात कोंबला, म्हणजे तिलाही बोलावं लागणार नाही.

शेवटचा घास संपल्यावर तिने डब्याचं झाकण लावलं.

"झालं, बाबा."

"पाणी पी."

ती प्यायली.

"मग," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज एकदम खाली गेला होता. "मग आता चालू करू का ते राउटर?"

निशाने डोळे मिटले. पलंग कुठे असेल, मायला आता कुठे ठेवलं असेल, ते चित्र पुसायला तिला थोडा वेळ लागला.

"नको," ती म्हणाली. "राहू द्या बंद. मी निघतेच आहे."

बाबांनी श्वास सोडला.

"गाडी तू नको चालवू," ते म्हणाले.

चंचल हातातलं काम टाकून तिच्यापाशी आली होती. "काय झालं गं? आलं का नेट?"

निशाने पिशवीतून स्कूटरची चावी काढली आणि तिच्यापुढे धरली.

"तू चालवशील?"